गोदारनंतर कोण? माझं उत्तर: रेने वोतिये

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार पाहून झाला, फ्रेंच सिनेमात त्याच्याहून जहाल कोण, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दिग्दर्शक रेने वोतिये. गोदारचं बंड बव्हंशी पडद्यावरचं. वोतिये तुरुंगात गेला, आणि तोही फ्रेंच आणि अल्जीरियन, दोन्ही बाजूंच्या.

जन्म १९२८, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. पंधराव्या वर्षी जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात, मग पॅरिसला सिनेमाचं शिक्षण. एकविशीत एका शिक्षणसंस्थेने त्याला पश्चिम आफ्रिकेत धाडलं. काम साधं होतं, फ्रेंच शाळकरी मुलांसाठी तिथलं गावजीवन टिपायचं. याने टिपली उद्ध्वस्त केलेली गावं आणि यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो म्हणून हाताने करून घेतलेली कामं. फ्रेंच वसाहतीत परवान्याशिवाय चित्रीकरण करायला १९३४ च्या हुकमाने बंदी होती. बरीचशी रिळं जप्त झाली, पन्नासपैकी सतराच त्याच्या हाती राहिली. त्यातून 'आफ्रिक ५०' झाला, जेमतेम सतरा मिनिटांचा. बक्षीस म्हणून वर्षभराची कैद आणि फिल्मवर चाळीसहून अधिक वर्षं बंदी!

पुढे अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात तो स्वातंत्र्यसैनिकांसोबत डोंगरात चित्रीकरण करत हिंडला. फ्रेंच सरकार मागावर होतंच. पण ट्युनिशियात त्याला डांबलं ते अल्जीरियन चळवळीतल्याच लोकांनी, सुमारे दोन वर्षं. तरीही स्वातंत्र्यानंतर गडी अल्जीयर्सला गेला आणि तिथल्या पोरांना कॅमेरा शिकवत बसला. त्याला कुठल्याही पक्षाचा प्रचारक म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती १९७३ ची गोष्ट. १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसच्या पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांची कत्तल केली. त्यावरचा जाक पानिजेलचा 'ऑक्तोब्र आ पारी' हा सिनेमा सेन्सॉरच्या परवान्याअभावी अडकून पडला होता. वोतियेने त्यासाठी ३१ दिवस उपोषण केलं. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या सिनेमासाठी! परवाना मिळाला.

सुरुवात 'आफ्रिक ५०' पासूनच करा. निवेदन त्याच्याच आवाजात आहे, चित्रांपेक्षा जास्त चटका तेच लावतं. मग १९७२ चा 'आव्वार व्हँताँ दाँ लेझोरेस' पाहा. अल्जीरियात सैनिक म्हणून धाडलेल्या ब्रिटनीच्या पोरांची ही कथा, कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालेली. मधे थोडी भाषणबाजी आहे, पण युद्ध नको म्हणणारी पोरं हळूहळू मारायला कशी शिकतात, हे त्यात फार नेमकं आलंय. छायाचित्रणाच्या नजाकतीची अपेक्षा मात्र ठेवू नका.