दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाताना वादळाची बातमी आली, तर सहल रद्द करावी का?

तुम्ही विचारलंय की उत्तर गोव्यातल्या बार्देशात किनाऱ्याजवळ चार दिवस घरच्यांसोबत राहायचं बुकिंग आहे, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आहे आणि होमस्टेवाले म्हणतात, ‘गोव्यात वादळ येत नाही, निर्धास्त या.’

या एका वाक्यावरून मी इथल्या कितीतरी होमस्टेवाल्यांशी भांडलो आहे, म्हणून लिहितोय. वादळ गोव्याला सहसा थडकत नाही, समुद्रातून उत्तरेला निघून जातं, एवढं खरं. पण १५-१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ असंच बाहेरून गेलं आणि गुजरातेत धडकलं. जाता जाता इथे गोव्यात दोन जीव गेले. एक माड अंगावर पडून, दुसरा दुचाकीवर विजेचा खांब कोसळून. म्हणजे दोघांना समुद्रानं नव्हे, झाडानं आणि खांबानं मारलं. त्यामुळे खोली ठरवताना ‘समुद्र किती जवळ’ एवढंच विचारू नका, छपरावर आणि गाडी लावायच्या जागेवर माड किंवा जुना आंबा वाकलाय का, ते विचारा. स्लॅबची खोली घ्या. पत्रे नि झावळ्यांची झोपडी अशा दिवसांत नकोच.

तौक्तेनंतर खरे हाल विजेमुळे झाले. तारांवर झाडं पडली, कित्येक गावं काही दिवस अंधारात होती. वीज गेली की विहिरीवरचा पंप बंद. टाकी रिकामी झाली की संडासालाही पाणी नाही. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, एटीएमही बंद. म्हणून हवामान खात्याचा इशारा नारंगी झाला की त्याच दिवशी माणशी रोजचं ३ लिटर पिण्याचं पाणी तीन दिवसांसाठी घ्या, न्हाणीतल्या सगळ्या बादल्या भरून ठेवा. ५-६ हजार रुपये रोख, त्यातल्या निम्म्या शंभरच्या नोटा. दुकानदाराकडे सुट्टे नसतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि हातातली टॉर्च ठेवा, मेणबत्ती नको. रोजच्या गोळ्या आठवडाभराच्या, ओआरएसची पाकिटं, न शिजवता खाता येईल असं काहीतरी. भाड्याच्या स्कूटरची टाकी भरून घ्या. गच्चीतल्या खुर्च्या, कुंड्या आत घ्या. वाऱ्यात त्याच काचेवर येतात.

वारा थांबला म्हणून लगेच बाहेर पडू नका. साचलेल्या पाण्यात तुटलेली तार असू शकते आणि ती दिसत नाही. अशा पाण्यातून स्कूटर नेणं हा मूर्खपणा आहे.

समुद्राबद्दल मी आणखी कडक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ गोव्यापासून दूर होतं, तरी पौर्णिमेचं उधाण आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या नि पाणी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये शिरलं. लाटा वादळाच्या आधी येतात आणि नंतरही एक-दोन दिवस राहतात, मग आकाश कितीही निरभ्र असो. फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो शांत, गडद पट्टा दिसतो, पोहायला सोपा वाटतो, तीच आत खेचणारी ओढ. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं ताकद लावू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, किंवा तरंगत राहून हात वर करा. लाल झेंडा असेल तर घोट्यापर्यंतही नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

ऑक्टोबरात दुपारनंतर सह्याद्रीकडून ढग येतात, विजा कडाडतात. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या. गडगडाट ऐकू आला की वाळूवरून उठा, माडाखाली थांबू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

रद्द करायचं का? नुसत्या कमी दाबासाठी नाही. बहुतेक वेळा तो विरतो किंवा ओमानकडे निघून जातो. लाल इशारा तुमच्या तारखांवर आला तर मात्र दोन दिवस पुढे ढकला, बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील. आणि हे सगळं मे-जून नि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचं. जानेवारीत येणार असाल तर यातलं बरंचसं विसरा, लाल झेंडा सोडून.

होमस्टेवाल्यांना एकच विचारा: वीज गेली तर पंपाला जनरेटर आहे का? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर दुसरी जागा बघा.