एनएचएसच्या वॉर्डावर स्वतःची चूक लिहून देताना

ताई, तुम्ही नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहात, इंग्लंडमध्ये एनएचएसची (तिथली सरकारी आरोग्यसेवा) बँड ५ची, म्हणजे नर्सच्या सुरुवातीच्या वेतनश्रेणीची ऑफर आली आहे, आणि तिथे आपली चूक आपणच लिहून द्यावी लागते हे ऐकून घाबरला आहात. नोकरी गेली की व्हिसाचाही प्रश्न येतो, म्हणून ही भीती रास्तच. पण रिपोर्ट केल्याने सहसा नोकरी जात नाही, लपवल्याने जाऊ शकते. तिथली नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, लपवाछपवीकडे फार गंभीरपणे पाहते.

समजा रात्री दोनला लक्षात आलं, चुकीचं इंजेक्शन गेलं. आधी पेशंट: व्हायटल्स बघा, ऑन-कॉल डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना सांगा. मग नोट्समध्ये वेळेसकट नोंद. पेशंटला खरं सांगून सॉरी म्हणायचं. २००६च्या तिथल्या कायद्याप्रमाणे नुसत्या माफीने कायदेशीर दोष कबूल केला असं होत नाही. त्यानंतर इन्सिडेंट रिपोर्ट. बऱ्याच हॉस्पिटलांत त्याचं सॉफ्टवेअर डेटिक्स असतं, म्हणून 'डेटिक्स कर' असंच बोलतात. त्यात किती वाजता, कुठे, काय झालं, काय केलं एवढंच. 'सिस्टरचं दुर्लक्ष' असा शेरा नको, मजकुरात कुणाचं नावही नको. मात्र 'दोन्ही व्हायल सारख्याच दिसतात, एकाच ट्रेत होत्या, २८ बेडला दोनच नर्स होत्या' हे जरूर लिहा, कारण बदल होतो तो त्या ट्रेत आणि ड्युटी लिस्टमध्ये. चूक होता होता टळली तरी रिपोर्ट करायचाच.

चौकशीत विचारायचा एक प्रश्न एनएचएसच्या २०१८च्या जस्ट कल्चर गाइडमध्येच (चूक झाली की माणसाशी न्यायाने कसं वागायचं ते सांगणारी पुस्तिका) आहे: तितक्याच अनुभवाची दुसरी नर्स त्या जागी असती तर तिच्याकडूनही हेच झालं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर एकट्या माणसाला धरून उपयोग नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे मुरलेले मॅनेजरही फसतात. रिपोर्ट वाढले म्हणजे वॉर्ड बिघडला असं नसतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमच्या वॉर्डांतच नोंदी जास्त निघाल्या. तिथे बोलायची भीती कमी होती. म्हणून 'या महिन्यात शून्य चुका' असं टार्गेट लावलं की आधी घटतात ते रिपोर्ट.

पेशंट पडण्याच्या घटना दर १००० बेड-दिवसांमागे मोजतात. २८ बेड भरलेले, ३० दिवस, म्हणजे ८४० बेड-दिवस; ५ जण पडले तर दर साधारण ६. गेल्या महिन्यात तीन जण पडले आणि या महिन्यात आठ, एवढ्यावरून कुणाला झापणं चूकच. दर महिन्याचे आकडे ओळीने मांडा, लागोपाठच्या दोन महिन्यांतल्या फरकांची सरासरी काढा, तिला २.६६ने गुणा आणि महिन्यांच्या आकड्यांच्या सरासरीत मिळवा; ही झाली वरची मर्यादा. सरासरी ५ आणि फरकांची सरासरी २ असेल, तर वरची मर्यादा १०.३. आठ तिच्या आतच आहे, नेहमीचा चढउतार. मर्यादा ओलांडली, किंवा सलग सात महिने सरासरीच्या एकाच बाजूला गेले, की कारण शोधायचं. त्याहून कामाचं म्हणजे वेळेप्रमाणे मांडणी: पहाटे बाथरूमला जाताना जास्त पडत असतील, तर त्याआधी एक राउंड लावून बघा. आधी एकाच शिफ्टला, दोन-तीन पेशंटवर.

सगळं गोडगोड नाही. 'तुझं डेटिक्स करीन' अशी धमकी देणारेही भेटतील. तेव्हा वॉर्ड मॅनेजरना सांगा, आणि त्यांच्याकडून काही झालं नाही तर फ्रीडम टू स्पीक अप गार्डियनना, म्हणजे स्टाफला न घाबरता तक्रार मांडता यावी म्हणून नेमलेल्या व्यक्तीला. ही व्यक्ती प्रत्येक ट्रस्टमध्ये (हॉस्पिटलं चालवणारी एनएचएसची संस्था) असते. सीनियर डॉक्टरांना थांबवायला तीन पायऱ्यांची वाक्यं आहेत: 'आय ॲम कन्सर्न्ड', मग 'आय ॲम अनकम्फर्टेबल', तरी ऐकलं नाही तर 'धिस इज अ सेफ्टी इश्यू'. आपल्याला सरांपुढे गप्प राहायची सवय असते, त्यामुळे ही वाक्यं नागपुरातच मैत्रिणीसमोर मोठ्याने म्हणून जीभ वळवून घ्या. सोबत घडता घडता टळलेल्या तीन-चार चुका, पेशंटची ओळख न देता, पाच-पाच ओळींत इंग्रजीत लिहून बघा.