‘ग्रीनन’ का नाही? : इंग्रजी शब्द कसे घडतात, याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘ब्लॅक’चं क्रियापद ‘ब्लॅकन’, ‘व्हाइट’चं ‘व्हाइटन’, ‘रेड’चं ‘रेडन’. मग ‘ग्रीनन’ किंवा ‘ब्लूअन’ का होत नाही? आम्हाला वर्गात ‘हे अपवाद आहेत, पाठ करा’ एवढंच सांगितलं होतं.

पाठ करू नका, मोठ्याने म्हणून पाहा. ‘अपवाद’ म्हटलं की चांगला प्रश्न तिथेच संपतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. इथे तर अपवाद नाहीच.

‘-अन’ लागणाऱ्या शब्दांचे शेवट ऐका : ब्लॅकचा क्, शॉर्टचा ट्, हार्डचा ड्, डीपचा प्, रफचा फ्, लूसचा स्. हे म्हणताना हवा एक तर तोंडात पूर्ण अडते, नाहीतर फटीतून घासत बाहेर पडते. आता दुसरी रांग घ्या. ‘ग्रीन’चा न् आणि ‘स्लिम’चा म् म्हणताना हवा नाकातून सुटते, ‘कूल’चा ल् म्हणताना जिभेच्या कडेने. ‘ब्लू’, ‘ग्रे’, ‘ड्राय’ तर स्वरावरच संपतात. हवा अशी मोकळी सुटली की हा प्रत्यय चिकटत नाही.

पण मग ‘लाँग’चं काय करायचं? लांब करण्यासाठी क्रियापद तर हवंच, आणि ‘लाँग’च्या शेवटी नाकातला आवाज. इंग्रजीने इथे वळसा घेतला. ‘लेंग्थ’ हे नाम घासणाऱ्या थ् वर संपतं, त्याला प्रत्यय लावून ‘लेंग्थन’ केलं. ‘स्ट्राँग’ अडला, तर ‘स्ट्रेंग्थ’वरून ‘स्ट्रेंग्थन’. ‘हाय’ स्वरान्त, म्हणून ‘हाइट’वरून ‘हाइटन’. व्याकरणाला जे हवं होतं ते ध्वनीने सरळ दिलं नाही, तेव्हा भाषेने शेजारच्या शब्दाचा आधार घेतला. मला हे उदाहरण फार आवडतं.

एक लक्षात ठेवा. ध्वनी परवानगी देतो, सक्ती करत नाही. ‘वेट’ (ओला) ट् वर संपतो, तरी ‘वेटन’ नाही. ‘वेट’ हाच शब्द क्रियापद म्हणून चालतो, त्यामुळे दुसऱ्याची गरज पडली नाही.

प्रश्न : ‘साइन’मधला ‘जी’ उच्चारायचाच नाही, तर लिहायचा कशाला?

तो ‘सिग्नेचर’मध्ये उच्चारायचा असतो म्हणून. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ग्न’ किंवा ‘म्न’ अशी जोडी टिकत नाही, तिथे एक आवाज गळतो. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला, की दुसऱ्या व्यंजनाला बसायला उच्चारात नवं अक्षर (सिलेबल) मिळतं आणि गळालेला आवाज परत येतो. ‘ऑटम’मध्ये मुका असलेला ‘एन’ ‘ऑटम्नल’मध्ये ऐकू येतो, ‘बॉम्ब’चा मुका ‘बी’ ‘बॉम्बार्ड’मध्ये. आपण ‘फूल’ दीर्घ म्हणतो आणि ‘फुलाला’ म्हणताना ऱ्हस्व करतो, पण शब्द एकच आहे हे विसरत नाही. ‘साइन’ आणि ‘सिग्नेचर’चं नातं स्पेलिंग असंच धरून ठेवतं.

मात्र ‘साइनिंग’ आणि ‘बॉम्बर’मध्ये स्वर येऊनही आवाज परत येत नाही. ‘-इंग’ आणि ‘-अर’ शब्दाला बाहेरून लागतात, आत हात घालत नाहीत. लॅटिन-फ्रेंचमधून आलेले बरेच प्रत्यय मात्र शब्दाच्या आत शिरून घडी बदलतात. ‘इलेक्ट्रिक’चा क् ‘इलेक्ट्रिसिटी’त स् होतो, तो त्यामुळेच.

सगळीच मुकी अक्षरं अशी नसतात. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवायला मागाहून घातला. इंग्रजीत तो कधी बोललाच गेला नाही.

प्रश्न : ‘फोटोग्राफर’ म्हटलं की समोरचे इंग्रजी भाषक दोनदा विचारतात. माझं काय चुकतं?

आघात. मराठीत जोर इकडेतिकडे गेला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जात नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, आणि बाकीचे स्वर आखडून जवळजवळ ‘अ’ होतात. ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर, कारण ‘-इक’ जोर आपल्या अगदी आधीच्या अक्षरावर ओढतो.

काही प्रत्यय तर आघात पाहूनच शब्द निवडतात. ‘अराइव्ह’चं ‘अरायव्हल’, ‘रिफ्यूझ’चं ‘रिफ्यूझल’, ‘प्रपोझ’चं ‘प्रपोझल’ : सगळ्या क्रियापदांचा जोर शेवटी. ‘प्रॉमिस’ आणि ‘फिनिश’चा जोर सुरुवातीला, म्हणून त्यांना ही ‘-अल’ लागत नाही. ‘बेरी’ (पुरणे) पासून ‘बेरिअल’ कसं, असं कुणी विचारेल. तो शब्द मुळात या साच्यात घडलेला नाही. जुन्या इंग्रजीतलं त्याचं रूप स् वर संपत होतं, लोकांना तो स् बहुवचनाचा वाटला आणि त्यांनी तो काढून टाकला.

प्रश्न : ‘डॉग्स’ की ‘डॉग्झ’? आणि इंग्रजी मुलांना हे शिकवावं लागतं का?

‘डॉग्झ’. ग् म्हणताना कंठातल्या तारा थरथरतात, तो थरथराट पुढच्या स् मध्ये उतरतो. ‘कॅट’चा ट् अघोष, म्हणजे तारा न थरथरता निघणारा, म्हणून ‘कॅट्स’. ‘बस’ला स् च्या पाठोपाठ स् जोडला तर ऐकूच येणार नाही, म्हणून मध्ये स्वर : ‘बसिझ’. भूतकाळाचंही असंच आहे. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वाँटिड’ : स्पेलिंग एक, आवाज तीन. जगत् आणि नाथ मिळून ‘जगन्नाथ’ होतो, हे माहीत असलेल्याला यात नवल वाटायला नको.

मुलांना हे कुणी समजावून सांगत नाही. अमेरिकेत जीन बर्को यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा ‘वग’. मग दोन दाखवून वाक्य अर्धं सोडलं. मुलांनी ‘वग्झ’ म्हणून ते पुरं केलं. हा शब्द त्यांनी कधीच ऐकला नव्हता, म्हणजे आठवणीतून आला नाही, नियमातून आला. ‘टास’ या बनावट शब्दाचं ‘टासिझ’ करताना मात्र बरीच मुलं अडली, ‘ग्लासिझ’ ठाऊक असूनही. तिसरा आवाज सर्वांत उशिरा पक्का होतो.

प्रश्न : ‘अ एमबीए’ की ‘ॲन एमबीए’?

‘ॲन’. अक्षर पाहू नका, पहिला आवाज ऐका. ‘एम’ स्वराने सुरू होतो. ‘युनिव्हर्सिटी’ यू ने लिहितात, पण आवाज य् चा, म्हणून ‘अ’.

या ‘ॲन’च्या न् ने शब्दही बदलले आहेत. ‘ॲप्रन’ पूर्वी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ लोकांना ‘ॲन ॲप्रन’ ऐकू आलं आणि न् कायमचा गेला. ‘न्यूट’ या पाण्यात राहणाऱ्या छोट्या प्राण्याचं उलट झालं : ‘ॲन एउट’मधला न् त्याला चिकटला आणि तो आजही सुटलेला नाही.