ॲपसाठी दोन एकर गहाण?

प्रश्न : मी माळशिरस तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यानं मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी मोबाइल ॲप बनवलं. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) टाकलं की दर लागतो आणि दहा दिवसांचं बिल निघतं. आज आसपासची अकरा केंद्रं ते फुकट वापरतात. तो व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवून देतो. 2024 मध्ये अनुदानासाठी जनावरांचे टॅग नंबर लागले तेव्हा त्यानं टॅग, आधार आणि बँक खात्याचे रकाने वाढवले. त्यानंतर नवीन काही केलेलं नाही, वेळ वाया चालला आहे. म्हणून आम्ही ठरवलं आहे की कॉलेज सोडून पूर्ण वेळ यातच उतरायचं. तसाही त्याचा एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला आहे. पुण्यातली एक कंपनी नऊ लाखांत ॲप नव्यानं ‘प्रोफेशनल’ करून देते म्हणते. दोन एकर गहाण ठेवून पंधरा लाख उभे करतो आहे. पेटंट मिळेपर्यंत नवीन कुणालाही ॲप दाखवायचं नाही, असं मुलाला बजावलं आहे. त्यानंतर फंडिंग. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप गुगलनं विकत घेतलं, बिल गेट्सनंही कॉलेज सोडलंच होतं. मुलगा हल्ली फारसं बोलत नाही, पण तयार आहे. त्याच्या आईचं म्हणणं एमपीएससी करावी. पेटंट आणि फंडिंगची प्रक्रिया कळवावी.

उत्तर : गुरुजी, मला येणारी बहुतेक पत्रं उलट्या दिशेची असतात. मुलाला काहीतरी वेगळं करायचं असतं आणि वडील इंजिनिअरिंगवर अडून बसलेले असतात. त्यामुळे तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र ‘फारसं बोलत नाही, पण तयार आहे’ या ओळीवर थांबले. दोन पानी पत्रात मुलाची हजेरी एवढीच. कर्ज किती, कंपनी कोणती, कुणाला दाखवायचं नाही, हे सगळं तुम्ही ठरवलेलं आहे. त्याला काय हवंय ते पत्रात कुठेच नाही.

वडील ‘डॉक्टरच हो’ म्हणाले तर पोरगं भांडतं, रुसतं, आजीकडे जाऊन तक्रार करतं. पण वडील म्हणाले, ‘तुझ्या आवडीसाठी मी जमीन गहाण ठेवतोय’, तर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं काय बोलायचं? नाही म्हणायला त्याच्याकडे जागाच उरत नाही. म्हणून तो गप्प आहे, आणि त्या गप्प बसण्याला तुम्ही होकार समजताय. पाठिंबा म्हणून तुम्ही जे करताय त्याचं त्याच्यावरचं ओझं, मला वाटतं, एखाद्या हेकट बापाच्या सक्तीपेक्षा जास्त आहे. हे तुम्हाला लागेल, पण लागलेलं बरं. चार वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा हप्ते चालूच असतील, आणि त्या प्रत्येक हप्त्याच्या तारखेला तो तुमच्यासमोर यायचं टाळेल.

आता त्या रकान्यांबद्दल. ‘त्यानंतर नवीन काही केलेलं नाही’ असं तुम्ही कुरकुरत लिहिलंय. मला सगळ्या पत्रात तीच एक गोष्ट लाखमोलाची वाटली. सरकारनं त्या वर्षी गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, पण त्यासाठी गायीच्या कानातला टॅग नोंदलेला हवा, शेतकऱ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. दूध घालणारे ते टॅग नंबर चिठोऱ्यांवर लिहून आणत होते आणि केंद्रचालक ते रात्री बसून भरत होते. तुमच्या मुलानं हे पाहिलं आणि बिलाच्या नोंदीशेजारीच टॅगचा रकाना दिला. स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्याचं मुख्य काम हेच. समोरच्याचा हात कुठे अडतो ते बघायचं आणि तेवढंच सोडवायचं. नऊ लाख घेणारी कंपनी तुम्हाला नवे रंग देईल, नवा लोगो देईल. पहाटे केटलीतून दूध ओतणारा माणूस स्क्रीनवर कुठे बोट ठेवतो, हे तिला माहीत असायचं कारण नाही.

पेटंटचा गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा, कारण तो तुमच्या मुलाचं रोज नुकसान करतोय. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात, कलम 3 (के) मध्ये, निव्वळ संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम आणि धंद्याची पद्धत यांना पेटंट मिळत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. एखाद्या यंत्राच्या कामात तांत्रिक सुधारणा करणारं सॉफ्टवेअर असेल तर गोष्ट वेगळी. लिटर गुणिले दर, वजा उचल, वजा पेंडीचे पैसे, हा हिशेब त्यात बसत नाही. त्याच्याकडे संरक्षण आहे ते कॉपीराइटचं. 1957 च्या कायद्यानं कोड हे लेखन मानलं जातं आणि तो लिहिला त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणीची सक्तीही नाही. म्हणजे आज ॲप पूर्णपणे तुमच्या मुलाच्या मालकीचं आहे. तुम्ही बाहेरच्या कंपनीकडून ते नव्यानं लिहून घेतलं आणि करारात हक्कांचं लेखी हस्तांतरण नसलं, तर पैसे तुमचे आणि नव्या कोडचा कॉपीराइट त्या कंपनीचा, असं होऊ शकतं. चोरी होऊ नये म्हणून निघालात आणि मालकीच देऊन येणार होतात. शिवाय यात लपवण्यासारखं आहे तरी काय? दूध संकलनाची सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं बाजारात आहेत, मोठ्या डेअऱ्या यंत्रासकट ती केंद्रांना देतात. इतकं सगळं असताना अकरा केंद्रचालक एका विद्यार्थ्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल का वापरतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बाराव्या, तेराव्या केंद्राला ॲप दाखवल्यावरच मिळेल. तुम्ही नेमकं तेच बंद केलंत.

उदाहरणं तुम्ही दिलीत, पण अर्धी दिलीत. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जचं. 2018 मध्ये गुगलनं ही कंपनी घेतली हे बरोबर, पण तिचे संस्थापक त्याआधी टिवो या अमेरिकी कंपनीत नोकरी करून आलेले होते. गेट्स यांनी 1975 मध्ये हार्वर्डमधून आधी रजा घेतली होती, आणि त्यांच्या ‘बेसिक’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सॉफ्टवेअरला एमआयटीएस या संगणक कंपनीचं गिऱ्हाईक तयार होतं. तुमच्या मुलाच्या वाटेच्या जवळ जाणारं उदाहरण पीटर लेव्हल्स या डच माणसाचं आहे. 2014 मध्ये त्यानं दर महिन्याला एक याप्रमाणे बारा उत्पादनं काढायचा उपक्रम सुरू केला, एकट्यानं आणि कुणाचं भांडवल न घेता. नोमॅड लिस्ट ही त्याची गाजलेली वेबसाइट त्यातूनच आली. पुढे त्यानंच जाहीरपणे सांगितलं की सत्तरहून अधिक गोष्टी केल्या, त्यांतल्या चारच चालल्या. हा माणूस यशस्वी म्हणून जगभर ओळखला जातो, तरी त्याचा हिशेब असा आहे. एकट्यानं करायच्या या धंद्यात खूप प्रयत्न करावे लागतात, म्हणून एकेक प्रयत्न स्वस्तात पडायला हवा. पंधरा लाखांचा एकच डाव म्हणजे या धंद्याच्या बरोबर उलटं वागणं झालं.

असे प्रयत्न स्वस्तात करायचा आयुष्यातला काळ कोणता, तर इंजिनिअरिंगची मधली दोन वर्षं. मेसचे पैसे घरून येतात, कमावून आणायची अपेक्षा नसते, शेजारच्या खोलीत चाचणी करून द्यायला मित्र असतात. कॉलेज सोडलं की त्याच दिवसापासून घड्याळ सुरू. मग तो केंद्रचालकाची अडचण बघणार नाही, बँकेचा हप्ता बघेल.

पैशांचं गणितही मांडून बघा. एका केंद्राकडून वर्षाला 3,000 रुपये घेतले तर अकरा केंद्रांचे 33,000 होतात. चांगल्या पगाराएवढे, समजा वर्षाला सहा लाख मिळवायचे तर दोनशे केंद्रं लागतील. ही दोनशे केंद्रं बिलं काढणार एकाच वेळी, महिन्याच्या 1, 11 आणि 21 तारखेला. एखाद्या गावात बिल सतरा रुपयांनी चुकलं की दूध घालणारा केंद्रचालकाची गचांडी धरणार, आणि केंद्रचालक सकाळी सहाला तुमच्या मुलाला फोन लावणार. या कामात अडतं ते इथे, आणि कर्ज काढून हे सुटत नाही. सकाळचे फोन मन लावून घ्यायची त्याची तयारी आहे का, हे त्याला विचारा. कोड लिहायला आवडणाऱ्या पुष्कळ मुलांना हा भाग अजिबात आवडत नाही. त्यात वाईटही काही नाही, पण मग हा धंदा त्यांचा नव्हे.

फंडिंगचा विषय सध्या सोडा. गुंतवणूकदाराला पैसे कैक पटींनी परत हवे असतात, त्यासाठी देशभर झपाट्यानं पसरणारा धंदा लागतो. तीन तालुक्यांत नीट चालणारं दुधाच्या बिलांचं ॲप हा उत्तम धंदा होऊ शकेल, पण तो तसला नव्हे. प्रायव्हेट लिमिटेडही नको, ऑडिट आणि वार्षिक कागदपत्रांचा खर्च गळ्यात पडेल. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीही लागत नाही.

एम-थ्री येत्या परीक्षेत काढून टाकायचा, त्यावर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. आणि एमपीएससीला पदवी लागतेच, तेव्हा कॉलेज सोडायचं नाही या मुद्द्यावर त्याची आई तुमच्यापेक्षा जास्त बरोबर आहे.

एका गोष्टीची मात्र खरोखर काळजी वाटते, आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात. त्या ॲपमध्ये शेकडो शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक आहेत. एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आणि अकरा जणांच्या मोबाइलवर. 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालेला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एखादा मोबाइल हरवून कुणाच्या खात्यातून पैसे गेले तर गावात नाव तुमच्या मुलाचं निघेल. बिल काढायला आधार लागत नाही. अनुदानाच्या ज्या नोंदींचं काम संपलं आहे, त्यांतले आधार क्रमांक त्यानं या आठवड्यात पुसावेत.

पुढचं त्याच्यासाठी आहे. त्याला वाचू द्या, आणि वाचताना शेजारी बसू नका.

बाळा, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणं थांबव. कुणाकडे कुठली आवृत्ती आहे ते तुलाही आता सांगता येत नसणार. गुगल प्लेवर स्वतःच्या नावानं खातं काढ, एकदाच 25 डॉलर लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. अनेकांची गाडी इथेच अडते, कारण बारा माणसं आणायची कुठून? तुझ्याकडे अकरा केंद्रं आहेत, बारावा मामाच्या केंद्रावरचा पोरगा. मग एखाद्या बिलाच्या दिवशी पहाटे केंद्रावर जाऊन नुसता उभा राहा. ॲप सोडून वहीत काय लिहिलं जातं ते बघ. जे अजून वहीत आहे ते तुझं पुढचं काम. त्यानंतर केंद्रचालकांना सांग, पुढच्या वर्षापासून 3,000 रुपये, आगाऊ. मामालाही सांग, त्याला सवलत नको. किती जण देतात त्यावरून तुला जेवढं कळेल तेवढं मी किंवा तुझे वडील सांगू शकणार नाही. दोघांनीच दिले तरी हे काम वाया जात नाही. प्लेसमेंटच्या मुलाखतीत खरी माणसं रोज वापरतात असं ॲप दाखवणारी मुलं फार थोडी असतात. आणि तुला यातलं काहीच नको असेल, साधी नोकरी हवी असेल, तर तेही चालेल. मला स्वतः पत्र लिही. वडिलांनी तपासून दिलेलं नको.

गुरुजी, जमिनीचे कागद बँकेत गेले असतील तर ते आधी परत आणा. त्या कंपनीला इसार दिला असेल तर पावती आणि करार घेऊन वकिलाला दाखवा. दिला नसेल, तर त्यांचे फोन येतील, ‘ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे’ म्हणतील. उचलू नका.