राज्यसभा नसती तर काय बिघडलं असतं?

२०१९ची साताऱ्याची पोटनिवडणूक हरलेले उदयनराजे २०२०मध्ये राज्यसभेवर गेले, तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न निघतोच: मागच्या दाराने खासदार करायचं, तर हे सभागृह हवंच कशाला?

माझ्या मते हवंच. अर्थविधेयक ते रोखू शकत नाही, १४ दिवसांत परत पाठवावं लागतं. सरकारही पाडू शकत नाही. पण घटनादुरुस्तीत दोन्ही सभागृहं बरोबरीची. तिथे संयुक्त बैठकीची, म्हणजे दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून मतदान करून वाद मिटवण्याची, पळवाटही नाही.

१९८९चंच बघा. पंचायत राजचं ६४वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत प्रचंड बहुमताने मंजूर झालं आणि राज्यसभेत पडलं. केंद्र राज्यांना डावलून थेट गावात शिरतंय, हा मोठा आक्षेप होता. मग १९९२मध्ये ७३वी दुरुस्ती मंजूर झाली. आज तासगाव-कोरेगावकडच्या ग्रामपंचायतींना घटनेचा आधार आहे तो तिचाच. निवडणुका दर पाच वर्षांनी, महिलांना किमान एक तृतीयांश जागा. उशीर झाला, पण राज्यांचं म्हणणं ऐकावं लागलं.

शिवाय हे सभागृह बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे एका लाटेत दोन्ही सभागृहं एकाच पक्षाकडे जाणं अवघड. मला खटकतं ते एवढंच की २००३पासून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अटही उरली नाही.