कॉलेजच्या आवारात नवं परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर बांधताना कशासाठी हटून बसावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेज नवं परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर बांधतंय, वरिष्ठांना १२०० खुर्च्यांचं एकच भव्य प्रेक्षागृह हवंय, त्यातच नाटक, संगीत, नृत्य, व्याख्यानं आणि पदवीदान उरकायचंय, आर्किटेक्टने वर घुमट सुचवलाय आणि समितीवर नाट्यविभागाचे तुम्ही एकटेच आहात.

मी प्रकाशयोजना आणि रंगमंच-व्यवस्थापन करतो, त्यामुळे अशा समित्यांपुढे बोलायची वेळ अधूनमधून येते. माझं मत सरळ आहे. खुर्च्या कमी करा आणि वाचलेली जागा, वाचलेला पैसा पडद्यामागे वळवा. हटून बसायचं तर याच एका गोष्टीसाठी.

आधी वर्षाचं वेळापत्रक मांडून बघा. पदवीदान वर्षातून एकदा होतं, आणि त्यासाठी क्रीडागृह किंवा मैदानावरचा मांडव चालतो. उरलेल्या दिवसांत तिथे कोण असणार? तालीम करणारी मुलं. तुमच्या प्रयोगाला साधारण किती लोक येतात ते तुम्हाला माहीत आहेच. तीनशे माणसं बाराशेच्या प्रेक्षागृहात बसली की पडेल नाटकासारखं दिसतं. विनोदाला हशा येतो, पण रिकाम्या रांगांत विरून जातो. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. शिवाय नटाच्या चेहऱ्यावरचे बारीक भाव साधारण २० मीटरपर्यंतच नीट दिसतात. बाराशे खुर्च्या मांडल्या की मागच्या रांगा त्यापलीकडे जाणार. मग मुलांना माइक लावायचे, म्हणजे आवाज फेकायला शिकणं राहिलंच.

खुर्च्या वाढवण्याचा मोह किती महागात पडतो हे न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने दाखवलंय. तिथल्या फिलहार्मोनिक हॉलसाठी ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी सुमारे २४०० खुर्च्यांचं, लांबट पेटीसारखं दालन सुचवलं होतं. खुर्च्या कमी पडतील अशी ओरड झाली, आकार बदलला, आकडा २६००च्या वर गेला. १९६२ साली हॉल उघडला आणि लगेच आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या. १९७६ मध्ये आतला सगळा भाग काढून नव्याने बांधला, तरी कुरकुर थांबली नाही. २०२२ मध्ये तो पुन्हा नवा होऊन उघडला तेव्हा खुर्च्या साधारण २२०० केल्या होत्या. तुमच्या कॉलेजला अशी तीन-तीनदा बांधायची संधी मिळणार नाही.

गंमत म्हणजे त्या हॉलचे आर्किटेक्ट मॅक्स अब्रामोविट्झ यांनीच इलिनॉय विद्यापीठाचं क्रॅनर्ट सेंटर केलं. ते १९६९ साली उघडलं. तिथे मोठ्या संगीताला वेगळं दालन, नाटकाला वेगळं, संगीतिका आणि नृत्याला वेगळं, आणि सगळ्यांना मिळून एक लांबरुंद लॉबी. एवढा पसारा तुम्हाला परवडणार नाही हे उघड आहे, पण विचार उचलण्यासारखा आहे. मला विचाराल तर साडेतीनशे-चारशे खुर्च्यांचं एक चांगलं प्रेक्षागृह, शे-सव्वाशे माणसं मावतील असं खुर्च्या हव्या तशा हलवता येणारं ब्लॅक बॉक्स, म्हणजे काळ्या भिंतींचं साधं नाट्यदालन, आणि तालमीची एक ऐसपैस खोली, एवढ्यात कॉलेजचं उत्तम भागतं.

एकाच दालनात सगळं का बसत नाही, हे समितीला पटवायचं असेल तर वॉलेस सॅबिन यांची गोष्ट सांगा. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि त्यात वक्त्याचं बोलणं कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यावर येऊन आदळायचे. तरुण प्राध्यापक सॅबिन यांना हे दुरुस्त करायला सांगितलं. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत पसरल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने, म्हणजे भिंती, पडदे, माणसं मिळून आवाज किती शोषतात त्या आकड्याने, भागा, की आवाज घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल याच आकडेमोडीवर उभा राहिला.

या सूत्रात तुमच्या कामाची गोष्ट दडलेली आहे. नाटकाला, म्हणजे बोललेल्या शब्दाला, घुमण्याचा काळ एक सेकंदाच्या जवळपास लागतो. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास. शोषण नंतर वाढवता येतं: जाड पडदे सोडा, भिंतीला मऊ थर लावा. घनफळ मात्र छत पडलं की कायमचं ठरतं. म्हणून एकच दालन करणं अगदीच भाग पडलं, तर छत संगीताच्या हिशोबाने उंच ठेवायला सांगा आणि नाटकाच्या दिवशी ओढता येतील असे जाड पडदे भिंतींपाशी आराखड्यातच धरायला लावा. उलटं केलं, म्हणजे बुटकं दालन बांधून पुढे त्यात संगीत खुलवायचं म्हटलं, तर शेवटी इलेक्ट्रॉनिक उपायांवर येऊन थांबावं लागतं.

आता घुमट. दिसायला देखणा, आवाजाला वैरी. आतून खोलगट पृष्ठभाग आवाज पसरवत नाही, गोळा करून एका जागी टाकतो. एका खुर्चीवर कानठळ्या आणि चार खुर्च्या सोडून काहीच नाही, असंही होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या आवारात आर्किटेक्ट एरो सारिनेन यांचं १९५५चं क्रेस्गी ऑडिटोरियम आहे. गोलाच्या आठव्या हिश्शाचं पातळ काँक्रीटचं कवच, फक्त तीन टोकांवर टेकलेलं. बाहेरून बघत राहावं असं. पण आत प्रेक्षकांच्या डोक्यावर आवाज परतवणारे तक्ते टांगलेले आहेत, म्हणजे आवाजापुरतं छत वेगळंच! तेव्हा आर्किटेक्टला एवढंच विचारा, घुमटाखाली दुसरं छत टांगायचा खर्च धरलाय का?

एसीबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगून ठेवतो. चांगल्या प्रेक्षागृहात शांतता एवढी हवी की नटाने घेतलेला श्वास ऐकू यावा. त्यासाठी हवा संथ सोडावी लागते, आणि संथ हवेला रुंद डक्ट लागतात. बजेट आवळायची वेळ आली की डक्ट अरुंद करून तीच हवा जोरात ढकलायचं ठरतं आणि मग नाटकातल्या प्रत्येक स्तब्धतेत घरघर भरते. एसीची यंत्रं प्रेक्षागृहाच्या डोक्यावर नकोत. ती वेगळ्या पायावर, सांधा सोडून बसवायला हवीत.

पडद्यामागची बाजू नकाशात नेहमी उरलेल्या जागेत कोंबलेली असते. देणगीदाराचं नाव लॉबीला लागतं, खुर्च्यांच्या पाठींनाही लागतं. सेटच्या वर्कशॉपला नाव द्या म्हणून कोणी आलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. एका कॉलेजात मी प्रकाशयोजनेला गेलो होतो. रंगमंच पहिल्या मजल्यावर, वर्कशॉप तळघरात, मध्ये माणसांची साधी लिफ्ट. मुलांनी मेहनतीने केलेला पुरुषभर उंचीहून मोठा फ्लॅट, म्हणजे सेटची उचलून नेता येणारी खोटी भिंत, लिफ्टच्या दारात आडवा, तिरका, उलटा करून पाहिला. शेवटी करवत आणून तो मधोमध कापला आणि वर नेऊन बिजागऱ्या मारल्या. रंगमंचाच्या चौकटीतून दिसणारी ती सांध्याची रेघ लपवायला मला तिथला दिवा मंद करावा लागला. तेव्हापासून नकाशा हातात आला की पहिलं बोट मी ट्रक जिथे लागणार तिथे ठेवतो आणि तिथून रंगमंचापर्यंत चालत जातो. वर्कशॉप रंगमंचाच्याच पातळीला हवं, मध्ये उंच दार हवं आणि करवतीचा आवाज अडवायला दोन दारांमधला बोळ हवा.

विंगा दोन्ही बाजूंना, किमान रंगमंचाच्या दर्शनी रुंदीच्या निम्म्या तरी असाव्यात. तालमीच्या खोलीची जमीन रंगमंचाएवढी आणि वर थोडी मोकळी हवी, नाहीतर सहा आठवडे बसवलेल्या हालचाली शेवटच्या आठवड्यात मोडून पुन्हा बसवाव्या लागतात. नाचणारी मुलं असतील तर जमीन लवचीक लाकडी हवी. काँक्रीटवर लादी किंवा नुसता व्हिनाइल घातलात तर नडग्या आणि गुडघे बोलायला लागतात. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस प्रेक्षागृहात तर आलाच पाहिजे, पण रंगमंचावर, मेकअप रूममध्ये आणि कंट्रोल बूथमध्येही पोचला पाहिजे. हे बहुतेक नकाशांत अर्धवटच असतं.

फ्लाय टॉवर, म्हणजे रंगमंचाच्या वरचा उंच पोकळ मनोरा, हवा का, हा वाद तुमच्याकडेही होईल. सबंध पडदे आणि सेट वर खेचून दिसेनासे करायचे तर मंचाच्या दर्शनी उंचीच्या किमान अडीच पट उंची लागते. म्हणजे ६ मीटरच्या चौकटीला १५ मीटर, आणि वर माणसांना वावरायला जागा वेगळी. वजनं तोलून चालणारी ती यंत्रणा प्रशिक्षित माणूस नसताना विद्यार्थ्यांच्या हाती देणं धोक्याचं आहे. तोल चुकला तर दोर हातात थांबत नाही. पगारी तंत्र-प्रमुख नेमायची तयारी नसेल तर टॉवर सोडून द्या. त्याऐवजी दिव्यांपर्यंत चालत जाता येईल अशी पक्की जाळी वर मागा, म्हणजे मुलं शिडीवर लोंबकळणार नाहीत. आणि तो तंत्र-प्रमुख नेमायचाच असेल तर नकाशे पक्के व्हायच्या आधी नेमा. ध्वनितज्ज्ञाचंही तेच.

समितीत तुम्ही एकटेच आहात, म्हणून एक उपाय सुचवतो. पुढच्या बैठकीआधी क्रीडागृहाच्या जमिनीवर चिकटपट्टीने प्रस्तावित रंगमंच, विंगा, वर्कशॉपचं दार आणि ट्रकची जागा खऱ्या मापात आखा. तुमच्या चार मुलांना एक खरा फ्लॅट उचलून दारापासून विंगेत न्यायला सांगा आणि समितीला ते बघायला बोलवा. पट्टीवर पाय पडला की मुलांना मोठ्याने "भिंत!" म्हणायला सांगा.