नागपुरात मार्च लागला की बाल्कनीतल्या कुंड्यांना रोज पाणी घालावं का?

नाही, रोजचा नेम म्हणून घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच सकाळी ऊन चढायच्या आधी घाला, तळाच्या भोकातून पाणी निघेपर्यंत. कारण आपल्याकडची काळी माती. वरून पांढुरकी पडून तडकते, आत मात्र चिखल असतो आणि मुळं तिथेच कुजतात. पानं पिवळी दिसली की आपण अजून एक मग ओततो, झालं! उलट माती पार सुकून कुंडीपासून सुटली असेल, तर पाणी कडेकडेने खाली निघून जातं, मुळांना लागतच नाही. तेव्हा आधी खुरप्याने वरची माती हलवून घ्या. पश्चिमेच्या बाल्कनीत मोगरा आणि जास्वंद सांभाळताना शिकलेली ही गोष्ट आहे. (मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आत्ताच उरका, कळ्या नव्या फुटव्यावर येतात.) अपवाद ६ इंची मातीच्या कुंड्यांचा, त्या भराभर सुकतात, त्यांना रोज लागेल. एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर गेला की मोठ्या कुंड्यांनाही; तेव्हा हिरवी नेटही बांधा.